तीन बहिणींच्या पाठीवर झालेला

मंडळी, आजचा विषय नाजूक आहे. मोठ्यांसमोर उघडू नका असं लिहिणार होतो, पण नको. त्यांच्यासमोरच वाचा, जमलं तर मोठ्याने वाचा.

विषय काढायचं कारण एक वाक्य. "मुलगा बायकांत वाढला की बायकी होतो, आणि बायकी झाला की तसला होतो." हे वाक्य मी यवतला स्टँडवर ऐकलंय, हडपसरला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ऐकलंय, आणि लग्नाच्या पंगतीत तर इतक्या वेळा ऐकलंय की जिलबीसोबत वाढतात की काय असं वाटावं. बोलणारे सगळे अडाणी असतात असंही नाही. बी.ई. झालेले असतात, ऑनसाइट जाऊन आलेले असतात. म्हणणाऱ्याला आपण काहीतरी शास्त्रीय बोललो असं वाटतं. कारण आणि परिणाम, दोन्ही एका दमात!

मला ह्या वाक्याशी भांडायचंय. आणि ह्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला जे दुसरं वाक्य आहे, "विज्ञानाने सिद्ध झालंय, ते जन्मजातच असतं, म्हणून स्वीकारा", त्याच्याशीही भांडायचंय. म्हणजे आज दोन्ही पार्ट्या नाराज होणार. चालेल.

आधी एक घर

माझा शाळेतला एक मित्र आहे. (त्याला विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) यवतच्या आसपासचा, घरी ऊस, तीन बहिणींच्या पाठीवर झालेला. तो समलिंगी आहे. त्याला हे नववीपासून माहीत आहे, मला कॉलेजात कळलं, आणि घरी गेल्या वर्षी. घरी कळल्यावर आधी रडारड झाली, मग एक डॉक्टर झाले, मग दुसरे. दुसऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "बहिणी किती?" तीन म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू रिपोर्टच हातात आला. मग आईकडे वळून म्हणाले, "लहानपणी ह्याला फार जवळ घेतलंत का हो?"

त्या दिवसापासून मावशी कुणाशी धड बोलत नाहीत. त्याची मोठी ताई मला म्हणाली, "अरे, लहान असताना आम्ही त्याला फ्रॉक घालून नाचवायचो. त्यामुळे तर नसेल ना झालं?" पस्तिशीची बाई, पदरात दोन मुलं, आणि चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक फ्रॉक आठवून रडते. काकांचं म्हणणं सोपं आहे, "लग्न लावून टाकू, आपोआप ताळ्यावर येईल." स्थळं बघणं सुरू आहे.

म्हणून हा विषय. नुसता बौद्धिक काथ्याकूट असता तर शनिवारची दुपार मी झोपून काढली असती.

बहिणींचा हिशोब

त्या तिघी बहिणी मुळात का झाल्या? घराला मुलगा हवा होता म्हणून. आपल्याकडचा नियम साधा होता: मुलगा होत नाही तोवर थांबायचं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा व्हाइल लूप आहे, मुलगा झाला की ब्रेक. आता ज्या घरात हा लूप चालला, त्या घरातल्या मुलाच्या आधी काय असणार? बहिणीच असणार. दुसरं काही असूच शकत नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ 'नकुशी' मुलींची नावं समारंभ करून बदलली, आठवतंय? त्यातल्या कितीतरी मुलींची नावं ह्याच लूपमधून आली होती.

म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही पुरुषाला धरून "बहिणी किती?" विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर घसघशीतच येणार. तो समलिंगी असो, नसो, पैलवान असो की कीर्तनकार. यवतच्या प्रत्येक पेशंटला "भाकरी खाता का?" विचारायचं, तो हो म्हणाला की आजार भाकरीमुळे झाला असं ठरवायचं, तसला हा प्रकार. पहिलं काम असतं ते तुलनेचं: ज्यांना तो 'आजार' नाही, तेही भाकरी खातात का? तीन-चार बहिणींच्या पाठीवर झालेले आणि आज बायको-पोरांत रमलेले पंधरा जण मी आमच्या एका आळीतून मोजून दाखवतो. पण त्यांना त्या डॉक्टरांकडे कुणी नेतच नाही, त्यामुळे त्यांच्या बहिणी कुणी मोजत नाही.

आणखी एक घोळ. बायकी असणं आणि समलिंगी असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक चालण्याबोलण्याची तऱ्हा, दुसरं मन कुणाकडे ओढलं जातं ते. पिळदार मिशीवाला पुरुष समलिंगी असू शकतो आणि सुरेख रांगोळी काढणारा चार पोरांचा बाप असू शकतो. यवतवरून घाट चढून गेलं की भुलेश्वराचं देऊळ आहे. तिथे गणपती स्त्रीरूपात कोरलेला आहे. आम्ही लहानपणापासून त्याला हात जोडतोय. दगडात जे चालतं ते वर्गातल्या पोरात दिसलं की मात्र आमचा हात वर उठतो.

मग संशोधन काय म्हणतं?

गंमत अशी की भावंडांचा आणि लैंगिक कलाचा संबंध खरोखरच अभ्यासला गेलाय. फक्त तो बहिणींचा नाही, मोठ्या भावांचा आहे!

१९९६ साली कॅनडात रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट ह्यांनी ३०२ समलिंगी आणि ३०२ भिन्नलिंगी पुरुषांची तुलना केली. मोठ्या बहिणी, लहान भाऊ, लहान बहिणी ह्यांनी काही फरक पडत नव्हता. मोठा भाऊ असला की मात्र पडत होता. प्रत्येक मोठ्या भावामागे समलिंगी असण्याची शक्यता (काटेकोर बोलायचं तर 'ऑड्स') साधारण ३३ टक्क्यांनी वाढते, असं त्यांनी मांडलं. 'बायकांत वाढला' ह्या सिद्धांताच्या हे थेट विरुद्ध आहे. ह्या हिशोबाने पैलवान भावांमध्ये वाढलेल्या धाकट्याकडे लोकांनी संशयाने बघायला हवं. बघतात का? नाही. कारण लोकांना कारण नको असतं, दोष द्यायला बाई हवी असते.

पुढे २००६ साली बोगार्टने आणखी नेमका प्रश्न विचारला. परिणाम एकत्र वाढण्याचा आहे की एकाच आईच्या पोटी येण्याचा? ९४४ पुरुषांची माहिती घेतली, त्यात दत्तक गेलेले, सावत्र भावांसोबत वाढलेले असे बरेच होते. निष्कर्ष असा: एकाच आईचे मोठे भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी मोजले जातात, आणि सावत्र किंवा दत्तक भाऊ एकाच ताटात जेवले तरी मोजले जात नाहीत. म्हणजे ह्या आकड्यांनुसार फ्रॉक, बाहुल्या, लाड ह्यांना इथे काही जागाच उरत नाही. ताई, हे तुझ्यासाठी लिहितोय.

मग २०१७ च्या डिसेंबरात ह्याच गटाने संभाव्य यंत्रणा मांडली. मुलाच्या गर्भात वाय गुणसूत्रामुळे तयार होणारं एक प्रथिन असतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि प्रत्येक मुलाच्या गर्भारपणात ती वाढत जाऊन पुढच्या मुलाच्या मेंदूच्या घडणीवर परिणाम करत असावीत, अशी ती कल्पना. समलिंगी मुलांच्या आयांमध्ये, विशेषतः ज्यांना त्याआधीही मुलगे झाले होते त्यांच्यात, ही प्रतिपिंडं जास्त सापडली. पण नमुना होता १४२ बायका आणि १२ पुरुषांचा. एवढ्या डेटावर मी साधं फीचर लाइव्ह करायला मॅनेजरकडे जाणार नाही.

आणि वाद संपलेला नाही. २०२२ साली नेदरलँड्सच्या सरकारी नोंदींवरून, नव्वद लाखांहून जास्त माणसांच्या माहितीवर एक मोठा अभ्यास आला. मोठ्या भावांचा परिणाम तिथे पुरुषांत दिसला, आणि बायकांतही दिसला! फक्त मुलाच्या गर्भावर चालणाऱ्या यंत्रणेने हे कसं समजावायचं? मग २०२३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी सगळ्या जुन्या अभ्यासांची फेरतपासणी करून म्हटलं की हा परिणाम बराचसा मोजणीच्या पद्धतीतून तयार झालेला आभास आहे. मुद्दा समजायला सोपा आहे. ज्याला भावंडं जास्त, त्याला मोठे भाऊही जास्त असणारच. मग नक्की काय मोजलं, मोठे भाऊ की कुटुंबाचा आकार? दोन कॉलम एकमेकांत गुंतलेले असताना एकाचं श्रेय दुसऱ्याला दिलं, की रिपोर्ट सुंदर दिसतो आणि चूक असतो. हे आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी प्रॉडक्शनला भोगलंय.

आता जुना आकडाच शंभर टक्के खरा धरू आणि गणित करू

समजा मोठा भाऊ नसलेल्या शंभर पुरुषांत २ समलिंगी असतात. एक मोठा भाऊ असेल तर ३३ टक्के वाढ म्हणजे साधारण २.६. दोन मोठे भाऊ, ३.५. तीन मोठे भाऊ, ४.६. म्हणजे चौथा मुलगा असूनसुद्धा शंभरातले ९५ जण भिन्नलिंगीच! "३३ टक्के" ऐकून ज्यांचे डोळे मोठे झाले होते त्यांनी ते कृपया परत लहान करावेत. ह्याच संशोधकांच्या गटाने २००२ साली काढलेला अंदाज असा की सातातल्या साधारण एका समलिंगी पुरुषाच्या बाबतीत मोठ्या भावांचा संबंध लावता येईल. उरलेल्या सहांचं काय? त्यांच्याबद्दल हा सिद्धांत गप्प आहे.

जुळ्यांचंही तसंच. १९९१ सालच्या बेली आणि पिलार्ड ह्यांच्या अभ्यासात समलिंगी पुरुषांच्या एकसारख्या जुळ्या भावांपैकी ५२ टक्के समलिंगी निघाले, आणि पेपरांत त्याची बरीच चर्चा झाली. पण ती माणसं जाहिराती देऊन गोळा केलेली होती. २००० साली ऑस्ट्रेलियात जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेतली तेव्हा हाच आकडा २० टक्क्यांच्या आसपास आला. जनुकं तीच, पोट तेच, घर तेच, तरी बहुतेक वेळा दोघं वेगळे. २०१९ मध्ये जवळपास पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही 'समलिंगी जनुक' असं एक काही मिळालं नाही. कुणा एकाबद्दल भाकीत करता येईल असं तर मुळीच नाही.

थोडक्यात, लाखो माणसांच्या टेबलात एक बारीक उतार दिसतो (किंवा दिसत नाही, पद्धतीवर अवलंबून). तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसलेल्या एका पोराबद्दल ते टेबल काहीही सांगत नाही. जो डॉक्टर त्यावरून निदान करतो तो आकडे वाचत नाही, हात बघतो.

आरोपी कायम आईच

मला सगळ्यात जास्त राग ह्याचा येतो. १९६२ साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग बीबर आणि मंडळींनी १०६ समलिंगी पुरुषांवर पुस्तक लिहिलं. निष्कर्ष काय? आई अति जवळची, बाप अलिप्त. हे सगळे पुरुष मनोविश्लेषकांकडे उपचार घेणारे पेशंट होते, आणि माहिती त्यांच्या विश्लेषकांनीच भरलेली. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावाची तब्येत मोजण्यासारखं. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली. पण ती 'चिकटू आई' अजून दौंड तालुक्यातल्या दवाखान्यात जिवंत आहे.

आणि आता प्रतिपिंडांचा सिद्धांत आला तर काही लोक तोही तसाच वापरतील. आधी आईच्या मांडीचा दोष होता, आता आईच्या रक्ताचा. संशोधकांनी असं म्हटलेलं नाही, पण आपल्या घरांत त्याचं भाषांतर कसं होईल हे मला लख्ख दिसतंय. ज्या बाईला मुलगी झाली म्हणून चाळीस वर्षं बोल लावले (वाय गुणसूत्र बापाकडून येतं हे दहावीच्या पुस्तकात वाचूनसुद्धा!), तिला आता मुलगा 'असा' झाला म्हणूनही बोल लावायचे.

'जन्मजात आहे, म्हणून स्वीकारा'

आता दुसरी पार्टी. हे माझे मित्र आहेत, मनाने चांगले आहेत, पण त्यांच्या वाक्यातला 'म्हणून' मला पटत नाही. समजा उद्या सिद्ध झालं की जन्माचा वाटा थोडासाच आहे. मग काय, स्वीकार परत घ्यायचा? माणसाचा मान एखाद्या प्रयोगशाळेच्या पुढच्या पेपरवर टांगून ठेवायचा?

१९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी धर्म बदलला. तो निर्णय जन्मजात नव्हता, विचारपूर्वक केलेली निवड होती. जन्मजात नाही म्हणून त्याचा मान तसूभरही कमी होत नाही. कोण कुणावर प्रेम करतो हे उपजत असेल, घडत गेलेलं असेल किंवा दोन्ही असेल. दोन सज्ञान माणसं एकमेकांच्या संमतीने काय करतात ह्यात तिसऱ्याचं नुकसान नाही, एवढं कारण पुरेसं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधले संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, तेव्हाही निकालाचा कणा समता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा हाच होता. मोठे भाऊ किती, हे कुणी मोजलं नाही.

शिवाय कारण शोधण्याच्या ह्या हौसेला आपल्या राज्यात एक इतिहास आहे. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे कळायला लागलं आणि आपण काय केलं? महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सगळ्यांत आधी, गर्भलिंग चाचणीवर कायदा केला, मग १९९४ साली केंद्राचा आला. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, आणि २०११ ला ८९४. तंत्रज्ञान आलं आणि त्या जुन्या व्हाइल लूपला आपण शॉर्टकट शोधला. आता मला सांगा, ज्या समाजात सोनोग्राफीचं हे झालं, तिथे 'समलैंगिकतेचं कारण सापडलं' ही बातमी आली तर पहिला फोन कुणाला जाईल? अभिनंदनाचा जाईल की तपासणीचे पैसे किती म्हणून विचारणारा? विज्ञानाने अभ्यास जरूर करावा. पण स्वीकार आधी आणि कारण नंतर, हा क्रम उलटा करू नका.

मग करायचं काय?

एक. डॉक्टर निवडताना हे लक्षात ठेवा की इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ साली समलैंगिकता हा आजार नाही असं स्पष्ट सांगितलंय, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली 'बदलून देण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. "बरा करतो" म्हणणारा डॉक्टर स्वतःच नियम मोडतोय. फी देऊ नका, तक्रार द्या.

दोन. पुण्यात मराठीत बोलणारी माणसं आहेत. बिंदुमाधव खिरे हे आपल्यासारखेच सॉफ्टवेअरवाले, अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला. त्यांचं 'पार्टनर' आईबापांच्या हातात द्यायला सोपं पुस्तक आहे. इंग्रजी रीलपेक्षा ते जास्त काम करतं.

तीन. लग्न हा उपचार नाही. ह्या घराने मुलासाठी तीन मुली होऊ दिल्या, मग त्या तिघींवर दोष ठेवला, आईवर ठेवला, आणि आता चौथी मुलगी बाहेरून आणायची आहे, त्याला 'ताळ्यावर' आणायला. तिने कुणाचं काय वाईट केलंय? तिच्या बापाने कर्ज काढून मांडव घालायचा आणि तिने आयुष्यभर आपल्यातच काय कमी आहे हे शोधत बसायचं? काकांना मी एवढंच विचारलं, "तुमच्या तिघींपैकी एकीला असं स्थळ कुणी फसवून दिलं असतं, तर?" काका गप्प बसले. स्थळं अजून बंद झालेली नाहीत, पण त्या रविवारचा बघण्याचा कार्यक्रम रद्द झाला.

चार. बोला. र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक, आकडे कळणारा माणूस. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. १९३४ साली त्यासाठी अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, मासिक तरीही १९५३ पर्यंत चाललं. नव्वद वर्षांपूर्वी हा माणूस छापून बोलत होता, आणि आपण आज फायबर कनेक्शन असलेल्या घरात "तसला" म्हणून डोळे मिचकावतोय.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी "बहिणी किती होत्या?" असं विचारलं तर त्याला शांतपणे विचारा, "त्या किती होत्या ते सांगतो, पण एवढ्या का झाल्या ते तुम्ही सांगा." त्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याही संशोधनाशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या. फक्त आधी वरची आकडेमोड तपासा, मग द्या.